झोळीची दोरी माझ्या अंगठ्याला

आमच्या घरात तेव्हा माणसं चार होती आणि झोप एकालाच पुरेल एवढी होती.

चार माणसं म्हणजे माझा मुलगा हितेश, त्याची बायको दर्शना, मी आणि तीन आठवड्यांचा नातू. नातवाचं नाव अजून ठेवलं नव्हतं. नाव ठेवायला निदान दोन मोठी माणसं एका वेळी शुद्धीवर असावी लागतात, ते काही जमत नव्हतं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी. दर्शना पालघरची. तिथं सगळं नीट पार पडलं, पण अठराव्या दिवशी माझी विहीण न्हाणीघरात घसरली आणि तिचा घोटा मोडला. आता तिला उचलायला दोन माणसं लागत, ती बाळंतिणीचं काय करणार? म्हणून दर्शना बाळाला घेऊन बोईसरला आपल्या घरी आली आणि हितेशनं मला गावाला फोन केला. आमचं गाव किनाऱ्यावर, एडवणच्या अलीकडे.

"आई, तू ये. रात्रीचं कोणीतरी पाहिजे."

"रात्रीचं मी काय करू? दूध काय मी पाजणार हाय?"

"तू ये तर खरी..."

पुढचं वाक्य आलंच नाही. घोरणं आलं. पोरगा बोलता बोलता झोपला होता, उभ्यानं, कंपनीच्या गेटवर. मी पिशवी भरली. चार जुनी लुगडी, सुके बोंबील आणि भरपूर ऐट. मी चार पोरं वाढवली होती आणि एकाही पोरासाठी रात्र जागल्याचं मला आठवत नव्हतं. हे मी एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात भेटलेल्या सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या रात्री साडेदहाला पहिला भोंगा झाला. पोर एवढंसं, पण आवाज कंपनीच्या भोंग्याचा. हितेश ताडकन उठला आणि कपाटावर आपटला. दर्शना उठून बसली, बाळाला पदराखाली घेतलं, मोबाइलवर बोट मारलं. त्या मोबाइलमध्ये सगळं लिहिलेलं असे. कुठल्या बाजूला पाजलं, किती मिनिटं, पुढचं कधी. पोरगं पाच मिनिटं प्यायलं आणि तोंडात धरूनच झोपलं. खाली ठेवलं की जागं! परत घेतलं, परत झोपलं. ठेवलं, जागं! बाराला, सव्वाला, अडीचला, चारला. पहाटे पाचला आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत बसून एकमेकांकडे बघत होतो. होडी बुडाल्यावर वाचलेली माणसं अशीच बघतात.

तीन दिवसांत घराचं भान गेलं. दर्शनानं चहात मीठ घातलं आणि आम्ही तो प्यायलो, कोणाला कळलं नाही. हितेश खिशात रुमालाऐवजी बाळाचं टोपडं घेऊन कामावर गेला आणि त्यानं चार माणसांत घाम पुसला. मी एका पहाटे उदबत्ती लावून फ्रिजला ओवाळलं. (दिवा आत होता. बाई थकली की उजेड दिसेल तिथं देव मानते.)

चौथ्या दिवशी मी हुकूम सोडला. "आजपासून रात्रपाळी माझी. झोळी बांध."

"कुठं बांधू?" हितेश म्हणाला. "हा फ्लॅट हाय. इथं आढं नाय."

"पंखा कशाला लटकलाय?"

"हुकाला."

"मग काढ पंखा."

उन्हाळ्याचे दिवस. पंखा काढला आणि त्या हुकाला माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीला नायलॉनची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी खाली चटईवर आडवी. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका असंच करतात. पण झोळी हलवणं म्हणजे नुसतं ओढणं नव्हे. होडी नांगरावर डुलते तसा झोका आला पाहिजे, एक लांब, एक आखूड. आणि हे झोपेत जमलं पाहिजे. मी गाढ झोपले असले तरी पोर कुरकुरलं की माझा अंगठा आपला आपण चालतो.

त्या रात्री पोरगं दहाला झोपलं ते पाचला उठलं.

चारला दर्शना घाबरून जागी झाली. "आई! बाळ?"

"झोपलाय."

"दूध?"

"मागितलं नाय."

"मला मघाशी आवाज आल्यासारखा वाटला."

"कुरकुरला थोडा. मी गप केला."

"पण आई, तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. मोबाइलमध्ये येतं तसं..."

"तुझा मोबाइल किती पोरांचा बाप हाय?"

बिचारीनं मोबाइल उशीखाली सरकवला.

"झोपलेलं पोर आणि भरत आलेलं जाळं उगाच हलवू नये," मी वर आणखी सांगितलं. (झोळी मी रात्रभर हलवत होते, ते वेगळं.)

खोटं कशाला बोलू, तिलाही झोप हवी होती. हितेशला तर एवढी हवी होती की सकाळी त्यानं माझ्या पायांना हात लावला. थेट अंगठ्यालाच. मला काय, मोरपीस लावल्यासारखं झालं. रोज सकाळी मी पोराला दोन्ही हातांवर तोलायचे आणि जाहीर करायचे, "वाढला! काल रात्रीत वाढला!" चाळीस वर्षं मासळी विकली आहे. वजन माझ्या हाताला कळतं, काटा नुसता गिऱ्हाइकाच्या समाधानाला.

बातमी मजल्यावर पसरली. समोर सरिता राहते. नवरा कंपनीत, मूळ गाव उत्तरेकडे कुठंतरी, तिचं पोर आठ महिन्यांचं. ती दारात आली.

"अम्मा, आपका पोता रात भर सोता है?"

"सोता है मतलब? पाच बजे तक आँख नहीं खोलता!"

"हमारे वाले को भी सुला दो ना!"

मी तिला दोरीची गाठ शिकवली. आठवडाभर मी त्या इमारतीत झोपेची डॉक्टर होते. लोक जिन्यात थांबवून विचारत, आणि मी पायातली चप्पल काढून अंगठा दाखवत असे.

दर्शना सकाळी उठायची ती भिजलेल्या गाऊननं. छाती दगडासारखी. "आई, फार दुखतंय."

"दुखणारच. आमी काय नाचत होतो?"

मग गुरुवार आला. बाळाला वजनाला न्यायचं होतं. दोन आठवड्यांपूर्वीचा आकडा कार्डावर होता. नर्सबाईंनी पोराला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, कार्ड बघितलं, परत आकडा बघितला.

"पन्नास ग्रॅम वाढलंय."

"रोज?" मी विचारलं.

"दोन आठवड्यांत."

पन्नास ग्रॅम! पन्नास ग्रॅम म्हणजे गिऱ्हाईक कुरकुरलं की वर टाकायच्या चार मांदेल्या! मी म्हटलं, "बाई, तुमचा काटा बिघडलाय. मी रोज हातात घेते. माझ्या हाताला कळतं."

हितेश मागून म्हणाला, "आई, तुझा हात चाळीस वर्षं पाऊण किलोचं पापलेट एक किलो म्हणून सांगतोय. तो आता खरं कुठून बोलणार?"

नर्सबाई हसल्या. मी पण हसले असते, पण दर्शना हसली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

डॉक्टरांनी पोराला खालीवर तपासलं. आजार काही नव्हता. "अंगावरच पाजता ना? रात्रीही?" त्यांनी दर्शनाला विचारलं. दर्शनानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मी पुढं झाले. "सगळं वेळच्या वेळी हाय, डॉक्टर. मी स्वतः असते रात्री."

"मग दूध कमी पडत असेल. पुढच्या गुरुवारी आणा. वजन नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल. डब्याचं."

रिक्षात दर्शना रडायला लागली. घर येईपर्यंत रडत होती. तिचं रडणं उगाच नव्हतं. पालघरला पहिले दहा दिवस पोर नीट धरत नव्हतं. चिरा पडल्या होत्या, रक्त यायचं, पाजताना ही उशी दातात धरायची. घरातले सगळे म्हणाले, सोड, डबा आण. हिनं सोडलं नाही. अकराव्या दिवशी पोरानं धरलं. हे तिनं कोणाच्या मदतीशिवाय मिळवलं होतं, आणि आता ते जाणार होतं.

"आई, माझ्यात काय कमी आहे?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझं!

"दूध पातळ असंल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या टेम्पोनं मी गावाहून मुशी मागवली. मुशी म्हणजे शार्कचं पिल्लू. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात. लसूण ठेचून घातली, मिरी घातली, मोठं पातेलं चढवलं. वास निघाला. मुशीचा वास गावात वाऱ्यावर जातो, तिसऱ्या मजल्यावर त्याला जायला जागा नसते. तो जिन्यानं खाली उतरला आणि मग लोक वर आले.

सरिता पदर नाकाला लावून दारात. "अम्मा, कुछ जल गया क्या?"

"जलेगा कायको? मुशी हाय. इससे दूध आता है."

"इससे? अम्मा, इसको सूँघके तो आया हुआ भी चला जाएगा!"

ती जाऊन सुंठीचे लाडू घेऊन आली. मी अळिवाचे केले. सकाळी मेथी, दुपारी मुशी, संध्याकाळी लाडू, रात्री बाजरीची पेज. दर्शना मुकाट्यानं सगळं खात होती. तिला विचारलं असतं तर तिनं पातेलंही खाल्लं असतं.

आणि दूध आलं! रविवारपर्यंत पूर आला. दोन टॉवेल पुरेनात. रात्री एकला बघते तर ती भिंतीला टेकून बसली आहे, कण्हते आहे आणि पिळून पिळून वाटीत दूध काढते आहे. समोर तीन हातांवर पोर झोळीत. कुरकुरलं. माझा अंगठा हलला. पोर गप.

"आई, आता पाजू का थोडं? मलाही बरं वाटेल."

"झोपू दे गो त्याला. अशक्त हाय, झोपेनंच अंग धरंल." मग वाटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता बघ, दाट दिसतंय!"

मी आजवर पुष्कळ मूर्ख बायका बघितल्या आहेत. पण त्यांतली एकही अशी पायाला दोरी बांधून बसलेली नव्हती.

सोमवारी दुपारी आशाताई घरी आल्या. सरकारी कामावर घरोघर फिरतात, त्या. तीन मजले चढून धापा टाकत होत्या. पाणी प्यायल्या, वही उघडली, प्रश्न सुरू केले. दिवसा किती वेळा पाजता? दर्शनानं मोबाइल दाखवला. नऊ वेळा. शी-शू? सांगितली. ताईंनी लिहून घेतलं.

"रात्री किती वेळा घेतं?"

"रात्री..." दर्शना माझ्याकडे बघायला लागली.

"एकदाही नाय!" मी पदर सारखा केला. "दहाला झोपतो तो पाचला. सात तास! माझ्या पायाचा गुण हाय."

ताईंचं पेन थांबलं. "सात तास काहीच नाही?"

"मागतच नाय."

"रडत नाही?"

"रडायला देते कशाला? कुरकुरला की झोळी हलवते. दोन झोक्यांत गप."

"किती वेळा कुरकुरतो?"

मी प्रामाणिकपणे बोटं मोजली. "असंल सहा-सात वेळा."

हितेश दुसऱ्या पाळीला निघाला होता, तो एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला. ताईंनी वही मिटली.

"आजी," त्या म्हणाल्या, "तेच मागणं असतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

हितेश दीड महिन्याचा झाला तेव्हा मी परत पाटी उचलली होती. पहाटे चारला निघायचं, मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचं, विकून घरी पोचायला दुपारचा एक. तोवर पोर माझ्या सासूकडे. ती झोळीची दोरी अंगठ्याला बांधून अंगणात बोंबील निवडत बसायची. पोरगं भुकेनं कुरकुरलं की झोका. सगळी आळी म्हणायची, म्हातारीच्या पायात झोप हाय. मी तिचं बघूनच शिकले. पण तेव्हा दूध घरात नव्हतं! दूध बाजारात पाटीमागे बसून पोलकं भिजवत होतं. तो झोका म्हणजे दूध घरी येईपर्यंत पोराला फसवायची युक्ती होती. इथं दूध तीन हातांवर बसून कण्हत होतं, आणि मी आपली फसवतेच आहे, फसवतेच आहे!

आणि रात्रीचं म्हणाल, तर माझी पोरं रात्री माझ्या कुशीत असायची. केव्हा प्यायची, किती वेळा प्यायची, कोण जाणे. मी दिवसभराची मेलेली असायचे. मला वाटायचं, पोरं झोपतात. झोपत मी होते.

दर्शनानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, झोळीतून पोराला उचललं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदराखाली घेतलं. पोरगं असं प्यायलं की घोट बाहेर ऐकू येत होते.

"दोरी सोड आई," हितेश म्हणाला.

दुपारचा झोका चालू होता, दोरी अंगठ्यालाच होती. रोज सुटणारी गाठ आज सुटेना. पंधरा दिवसांच्या ओढीनं घट्ट बसलेली, बोटीवरची गाठ. शेवटी त्यानं विळी आणली आणि ताईंच्या देखत माझ्या अंगठ्यावरून दोरी कापली. जाताना ताई सांगून गेल्या, "गुरुवारपर्यंत तीन रात्री आहेत. दर अडीच तासांनी उठवून पाजा. उठला नाही तरी उठवा."

हे आजींनी करायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री पंखा हुकावर परत गेला आणि पोर गादीवर आलं. आणि आता ते उठेना! पंधरा रात्रींची सवय मीच लावली होती. साडेबाराला तळव्यांना गुदगुल्या केल्या. झोपलेलंच. कानाची पाळी चोळली. झोपलेलंच. कपडे काढले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. त्यानं नाक आक्रसलं आणि परत झोपलं. दर्शना गादीवर तयार होऊन बसलेली, बसल्या बसल्या पेंगून एका अंगाला कलत चाललेली. तिला सरळ करायची, की पोराला हलवायचं, की पोराला हलवेपर्यंत ही दुसऱ्या अंगाला! कसंबसं चार घोट गेले. अडीचला परत तेच. मी चिमटा काढला. (हळूच. आजी असले तरी माणूस आहे.) पोर ढिम्म!

"आई, उठत नाहीये हो," दर्शना रडवेली झाली. "गुरुवारी वजन आलं नाही तर?"

तेव्हा माझं डोकं गेलं. चाळीस वर्षं बाजारात बसले आहे. गिऱ्हाईक नाक वर करून पुढं निघालं की काय करायचं ते मला शिकवावं लागत नाही. मी ठरवलं वगैरे नाही, आवाज आपला आपण निघाला.

"एऽऽऽ पापलेट! सुरमई! फडफडीत बोंबील घ्याऽऽऽ!"

पोरानं दोन्ही डोळे टक्क उघडले. दर्शना ताठ झाली. पोराचं तोंड उघडलं ते रडायलाच, पण तिनं तेवढ्यात त्याला लावलं आणि पोरगं प्यायला लागलं. एक बाजू, मग दुसरी बाजू. वीस मिनिटं!

दरम्यान कामावरून येऊन झोपलेला हितेश हातात केरसुणी घेऊन बाहेर आला होता. समोरच्या इमारतीत दिवे लागले. खाली कुत्री सुरू झाली. आणि दारावरची बेल वाजली.

दारात सरिताचा नवरा. बनियन, लुंगी, डोळे मिटलेले, हातात पिशवी.

"अम्मा, बोंबील कैसे दिया?"

त्याच्या मागून सरिता. "रात के अढ़ाई बजे मछली लेने निकले हो? और हमारे घर में कौन खाता है मछली?"

नवऱ्याचे डोळे उघडले. (मजल्यावर अजून एक गोष्ट त्या रात्री उघड झाली, पण ती त्यांच्या घरची.)

पाचला मी हळू आवाजात करून बघितलं. पोर हललं नाही. नुसतं "पापलेट" म्हटलं, नाही. कुजबुजत "सुरमई" म्हटलं, नाही. पोराला पूर्ण आरोळी लागत होती, बाजारातली, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. काय करणार? पोरगं पीत होतं! तीन रात्री, रात्रीत तीन आरोळ्या. दुसऱ्या रात्री वॉचमन येऊन गेला. तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरून कोणीतरी वरवंट्यानं जमीन ठोकली. माझा आवाज बसला, पाय सुजले, बसल्या जागी डोळा लागायचा. दर्शना सांगते, पहाटे मी झोपेतसुद्धा बडबडत होते, "घे गो, तुझ्यासाठी म्हणून देते."

गुरुवारी परत तोच काटा. दर्शनानं पोराला ठेवलं आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. आकडा हलत होता, थांबत नव्हता, कारण पोर पाय झाडत होतं. मागच्या गुरुवारी ते पाय झाडत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. हाताचं मत मला कोणी विचारलं नाही.

"एकशे ऐंशी ग्रॅम," नर्सबाई म्हणाल्या. "एका आठवड्यात!"

दर्शना तिथंच स्टुलावर बसली. डॉक्टरांनी कार्ड बघितलं. "छान. वरच्या दुधाची गरज नाही. जे करताय तेच चालू ठेवा."

"तेच?" हितेशनं विचारलं.

"अगदी तेच."

हितेशनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

रिक्षातून उतरलो. माझ्या हातातल्या पिशव्या दर्शनानं घेतल्या आणि पोर माझ्या हातात दिलं. सोमवारपासून पहिल्यांदा दिलं. जिन्याच्या तोंडाशी फळा असतो, पाणी कधी येणार ते लिहायचा. तिथं आज नवा कागद लावलेला होता आणि पुढं चार-पाच माणसं उभी होती. आम्हाला बघून ती बाजूला झाली. दर्शनानं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता ही का रडते? ती हसत होती! महिन्याभरात पहिल्यांदा, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय हाय गो?"

तिला सांगता येईना. मी पुढं झाले आणि अक्षराला अक्षर लावत वाचलं. "सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तिसऱ्या मजल्यावर मासे विकण्यास सक्त मनाई आहे."

आमच्या वेळी मुलींना चौथीपर्यंत शिकवत. तेवढ्या शिक्षणाचं पुढं काय झालं, म्हणून कोणी विचारलं तर आता सांगता येतं. माझ्यावरची नोटीस मी माझी मला वाचली.